मुळशीतली मावशी आणि पुसून टाकलेली फिल्म

या ब्लॉगवर मी आजवर घाट, धाबे, धरणं आणि माझी बारा वर्षं जुनी गाडी यांच्याबद्दलच लिहीत आले. ही पोस्टही मुळशीच्या रस्त्याची आहे, आणि रस्ता, राहणं, जेवण यांची माहिती तुम्हाला तिच्यात मिळेल. पण शनिवार-रविवार छान जावा म्हणून काही शोधत असाल तर माझ्या जुन्या पोस्टी वाचा. हिच्यात तसं काही नाही. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

सुरुवात मीच केली होती. गेल्या चैत्रात ताम्हिणीच्या अलीकडच्या एका गावात जत्रेला गेले होते. तिथे दुपारी मांडवात गवळण झाली. तमाशातल्या गवळणीत कृष्णाशी भांडणारी जी मावशी असते, तिचं काम पुरुष करतो, लुगडं नेसून. त्या दिवशीची मावशी सत्तरीची होती. हाताची बोटं अशी चालत होती की मी फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि विसरून गेले. सप्टेंबरात एमिलची मेल आली. कुणा मित्राने त्याला तो फोटो पाठवला होता. त्याने विचारलं होतं, "ही व्यक्ती अजून आहे का? आणि तुम्ही दुभाषी म्हणून याल का?"

एमिल कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावरचा. वय चव्वेचाळीस. फिल्म करतो आणि स्वतःला क्वीअर म्हणवतो. पुरुषांवर प्रेम करतो, कधी शर्ट घालतो, कधी ब्लाउज. त्यांच्याकडे कार्निव्हलच्या दिवशी झगा घालून नाचणाऱ्या पुरुषाला सगळं गाव खांद्यावर घेतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला रस्त्यात दगड बसतो. हे बघतच तो वाढला. बायकांचा वेश घेऊन नाचणाऱ्या लोकांना तो सहा वर्षं देशोदेशी जाऊन भेटत होता आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होता: स्टेजवरून उतरल्यावर तुम्ही कोण असता?

मावशीच्या मुलाचा, संतोषचा नंबर मिळाला. तो हिंजवडीत एका कंपनीच्या इमारतीत सुपरवायझर आहे, आठवडाभर तिथे जवळच जांब्याला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी गावी जातो. मी त्याला सांगितलं, परदेशातला एकजण लोककलेवर फिल्म करतोय. तो खूश झाला. वडिलांच्या कलाकार मानधनासाठी त्याने अर्ज केला होता, व्हिडिओ असला तर बरंच, म्हणाला. फिल्म नेमकी कशावर आहे हे मी त्याला सांगितलं नाही. लोककला हा शब्द खोटा नव्हता, एवढंच.

गुरुवार

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. सकाळी सातला कोथरूडहून निघालो. चांदणी चौक ओलांडला की भूगावात अडकायचंच, तेवढी अर्धा तासाची तयारी ठेवा. पिरंगुटचा घाट उतरला की गाडी सुटते. पेट्रोल आणि रोख पैसे पौडलाच घ्या. पुढे रेंजही जाते आणि ऑनलाइन पैसेही.

गाडीत एमिलला मराठी शिकायचं होतं. मी म्हटलं, पहिलं वाक्य 'मी गेले'. तू म्हणशील 'मी गेलो'. त्याने विचारलं, का? मी समजावलं की आपल्याकडे बोलणारा बाई आहे की पुरुष, ते क्रियापदातच येतं.

"म्हणजे प्रत्येक वाक्याला पासपोर्ट दाखवायचा?" तो इंग्रजीत म्हणाला.

"आम्हाला सवय असते. लक्षातही येत नाही."

"मग मी कुठलं म्हणू?"

"तुला हवं ते म्हण. इथे तुला कोण अडवणार आहे?"

त्याने दोन्ही म्हणून पाहिली आणि 'गेलो'वर थांबला. मी इथे त्याला 'तो' म्हणते आहे ते त्याला विचारून.

पौडच्या स्टँडसमोर वडापाव आणि चहा घेतला. टपरीवाले काका एमिलकडे बघत राहिले. सहा फुटांवर उंची, एका कानात मोत्याचा डूल, केसांच्या बारीक वेण्या.

"पाव्हनं कुटलं म्हनायचं?"

"वेस्ट इंडीज," मी म्हटलं. तेवढं कळतं सगळ्यांना.

"मंग बॉलर असतील," काका म्हणाले. "हात बगा की, केवढालं लांब हायेत."

एमिलला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, शाळेत त्याला अंपायरसुद्धा कुणी होऊ दिलं नव्हतं.

पौडच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. आंबेमोहोराचा वास गाडीत येत होता. धरणाच्या काठाने रिसॉर्टांच्या पाट्या संपल्या की एक साधी घरगुती सोय आहे, तिथे उतरलो. जेवणासकट माणशी पंधराशे, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत. तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण, दोन्ही उत्तम. एमिलने काटे काढायला मला मदत केली; बेटावरचा माणूस.

दुपारी गावात गेलो. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, ओसरीत बुद्धाची तसबीर. दारात संतोषची बायको मनीषा सुपात तांदूळ घेऊन बसली होती. आणि मावशी म्हणजे आबा, बारीक अंगाचे, पायजमा-सदरा, डोक्याला घट्ट गुंडाळलेला टॉवेल. त्यांनी एमिलला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डुलाकडे बोट केलं.

"खरा मोती हाय का?"

"खोटा," मी विचारून सांगितलं.

"माजाबी खोटाच असायचा. लांबनं कुनाला कळत न्हाई."

त्या दिवशी कॅमेरा काढलाच नाही. एमिल मनीषाबरोबर तांदूळ निवडत बसला.

शुक्रवार

सकाळी नऊला गेलो तेव्हा आबांनी ट्रंक बाहेर काढून ठेवली होती. हिरवं लुगडं, बांगड्या, चाळ, कुंकवाची डबी. एमिलने विचारलं, नेसताना चित्रण केलं तर चालेल का. आबा म्हणाले, त्यात काय लपवायचं, आधी कापड न् मग मानूस.

टॉवेल सोडला तेव्हा केस खाली आले. कमरेपर्यंत, पांढरे, तेल लावलेले. माझ्या तोंडून काही निघायच्या आत ते म्हणाले, "टोप घातला की खोटं दिसतं. म्हनून राखलं." मनीषाने मागे उभं राहून अंबाडा घातला. तिच्या हातांना सवय होती हे दिसत होतं.

लुगडं नेसून ते ओसरीवर बसले आणि एमिलने प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी मधे बसून दोन्हीकडून भाषांतर करत होते.

"फडात कसे गेलात?"

"पंधरा वर्साची व्हते. बापानं मारलं म्हनून पळून गेले. फडमालकानं इचारलं, काय येतंय? मी म्हनलं, कायबी न्हाई. त्यानं लुगडं दिलं नेसाया. आरशात बगितलं आन मला वाटलं, ही कुटं व्हती इतकी वर्सं?"

मी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत 'आय' म्हटलं की संपलं. ते बाईनेही म्हणावं आणि बुवानेही. मला वाटलं, लुगडं नेसल्यावर भूमिकेत शिरून बोलताहेत, तर एमिलला वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सोळा वर्षं फडात काढली. मग बाप आजारी पडला, परत यावं लागलं, लग्न झालं. एमिलने बायकोबद्दल विचारलं.

"तिनं पैल्या वर्सातच इचारलं, तुमी आसं का बोलता. मी खरं सांगितलं. ती म्हनली, एक लेकरू व्हऊ द्या, मंग घरात तुमी कायबी असा. लई चांगली व्हती. पोरगं निजलं की दोगी-दोगी चुलीम्होरं बोलत बसायचो. ती गेल्यावर मी मुकीच झाले वर्सभर. मंग ही सून आली."

मनीषा आत भाकरी थापत होती. थाप थांबली नाही.

चित्रण संपलं. आबांनी तोंड धुतलं, लुगडं घडी घालून ठेवलं, पायजमा-सदरा चढवला, टॉवेल गुंडाळला आणि चहा घ्यायला आमच्याजवळ येऊन टेकले. पाय लांब केले आणि म्हणाले, "दमले गं बाई. पैल्यावानी ऱ्हायले न्हाई मी आता."

एमिल कपाच्या कडेला चिकटलेली मुंगी काढत होता. त्याला काही कळलं नाही. कॅमेरा बंद होता, पण माझ्या कॉलरला लावलेला माइक काढायचा राहिला होता. सगळं बोलणं त्यात गेलं. मी आबांकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. त्यांना माहीत होतं की मला कळलंय. त्यांनी फक्त बशी तोंडाला लावली.

संध्याकाळी धरणाच्या काठावर मी एमिलला हे सांगितलं. स्टेजवरून उतरल्यावर कोण, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात आलं होतं आणि ते फक्त मला ऐकू आलं होतं. मला फार आनंद झाला होता, तो लपवता येत नव्हता. एमिल उड्या मारेल असं वाटलं होतं. तो खाली बसला.

त्याने त्याची पहिली फिल्म कशी झाली ते सांगितलं. बेटावरच्याच एका म्हाताऱ्या कोळ्यावर केलेली. कार्निव्हलमध्ये तो राणी व्हायचा. घरातही तो राणीच होता, पण ते फक्त शेजारच्या बाईला माहीत होतं, आणि तिने ते कॅमेऱ्यापुढे सांगून टाकलं. एमिलने फिल्म तिथल्याच सभागृहात दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने कोळ्याची होडी जळालेली सापडली आणि महिन्याने तो बेटावरच नव्हता. कुठे गेला ते आजही कुणाला माहीत नाही.

"तेव्हापासून एकच नियम ठेवलाय," तो म्हणाला. "जे त्या माणसाने स्वतः सांगितलेलं नाही ते आपल्या तोंडातून बाहेर पडता कामा नये. त्याच्या घरात तर नाहीच. उद्या मी तिला एकटीला विचारेन. तोपर्यंत तू कुणाला बोलू नकोस. एवढी एकच गोष्ट मागतो."

मी म्हटलं, अर्थातच.

शनिवार

संतोष सकाळीच बाइकवरून आला होता. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं गावचं, अर्धं हिंजवडीचं. येताना त्याने आमच्यासाठी पौडहून जिलेबी आणली. एमिलचा हात दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "वेलकम सर, आमचं भाग्य." शेजारचे दोघेजण, एक त्याचा चुलता आणि एक भजनी मंडळातले गृहस्थ, बघायला येऊन बसले.

आबांना एकटं गाठणं जमेना. मग संतोषनेच आग्रह केला की थोडं दाखवा तरी. एमिलने लॅपटॉप उघडला आणि नेसतानाचा भाग लावला, आवाज बंद ठेवून. सगळे वाकून बघत होते. संतोषचे डोळे भरून आले होते. त्याने वडिलांना असं जवळून, शांतपणे कधी पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला.

मग त्याने मला विचारलं. अगदी सहज, जिलेबीचा कागद माझ्यापुढे सरकवत.

"ताई, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आमच्या आबांत नक्की काय आवडलं?"

मी त्या क्षणाकडे पुन्हापुन्हा जाते. मला म्हणता आलं असतं, त्यांचा अभिनय. त्यांचे हात. काहीही. पण तो इतका आपुलकीने बोलत होता, डोळे ओले होते, आणि कालपासून ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी सांगून टाकलं. म्हटलं, "आबा लुगडं सोडल्यावरसुद्धा स्वतःबद्दल बाईसारखं बोलतात ना, 'दमले', 'राहिले', ते. फडातली मावशी त्यांच्यात अजून आहे. एमिलला तेच शोधायचं होतं."

भजनी मंडळातल्या गृहस्थाने हातातली जिलेबी कागदावर परत ठेवली. चुलता हसला, पण एकटाच. एमिलला मराठी येत नव्हतं, तरी त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी काय केलं ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

संतोष वळला. "आबा, तुमी कसं बोलता?"

"सवय हाय रं," आबा म्हणाले. "लई वर्सं सोंग केलं."

"घरात पन?"

आबांनी डोक्याचा टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. आतून मनीषा दारात आली. "मी रोज ऐकते. काय वाईट हाय त्यात? कुनाचं काय जातंय?"

ती मदतीला आली होती. पण ते शेजाऱ्यांच्या देखत झालं, आणि आपल्या बायकोला ठाऊक आणि आपल्याला नाही हेही संतोषला त्याच क्षणी कळलं. तो ओरडला नाही. त्याने चुलत्याला आणि त्या गृहस्थाला त्यांच्या घरापर्यंत सोडलं, परत आला आणि माझ्यासमोर बसला.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून सांगतो. माझा पणजा गावाम्होरं नाचायचा. कला म्हणून न्हाई. बोलावलं की जायचं, न्हाई म्हणायची सोय नव्हती. आमच्या वस्तीनं ते सोडलं, त्याला दोन पिढ्या लागल्या. माझा बाप पोटासाठी फडात गेला. तो कलाकार हाय, एवढं मी छाती वर करून सांगू शकतो. ऑफिसात सांगतो, पोरीच्या शाळेत सांगतो. आता तुम्ही जगाला काय दाखवणार? काय सांगणार? आणि फोनवर मला लोककला म्हणालात."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"चुकलं न्हाई," तो म्हणाला. "तुम्हाला काय फरक पडतोय, तुम्ही संध्याकाळी पुण्याला जाल."

मी एमिलला सगळं सांगितलं, माझं वाक्यही. दुभाष्याने काही गाळायचं नसतं. तो संतोषला म्हणाला की वडील सांगतील तसं करू, एक फ्रेमसुद्धा त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. संतोषने मान हलवली. आबा तोवर उठून मागच्या परसात गेले होते आणि आम्ही निघेपर्यंत पुढे आले नाहीत.

रविवार

रात्री एमिल जेवला नाही. सकाळी म्हणाला, तिला विचारल्याशिवाय मी इथून जाऊ शकत नाही.

मळणीयंत्राचा आवाज सगळ्या शिवारात चालू होता. वस्तीवर पोचलो तर आबा ओसरीवर बसले होते. डोक्याला टॉवेल नव्हता. केस अगदी मुळापासून कापलेले, मधे मधे टाळू दिसत होती, कानाच्या मागे मशीन लागून खरचटलं होतं. ते फार लहान दिसत होते.

मी संतोषकडे पाहिलं असणार, कारण मनीषा लगेच म्हणाली, "त्यांनी न्हाई कापलं, ताई. आबांनीच मशीन मागितलं. मी न्हाई म्हनले तर सोताच कातरी लावाया लागले. मंग मलाच कापाया लागलं."

तिचे डोळे सुजले होते. संतोष अंगणात पाठमोरा उभा राहून बाइक पुसत होता. ती स्वच्छच होती.

एमिल आबांच्या पुढे जमिनीवर बसला. त्याने विचारलं, मी भाषांतर केलं: "चित्रण तुमचं आहे. ठेवायचं की नाही ते फक्त तुम्ही सांगा. मुलाने नाही, मी नाही."

"पुसून टाका."

"सगळं?"

"सगळं. मी म्हातारा झालो. काय बोलतो त्याचं भान ऱ्हात न्हाई मला."

झालो. बोलतो. अगदी नीट, सावकाश, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसे त्यांनी ते शब्द उच्चारले. एमिलने मला विचारलं नाही. गाडीत शिकवलेलं तेवढं त्याला आता ऐकू येत होतं.

त्याने बॅगेतून दोन्ही कार्डं काढली, हार्ड डिस्क काढली आणि लॅपटॉप आबांना दिसेल असा ठेवला. एकेक फाइल दाखवून ती काढून टाकली. हिरवं लुगडं, चाळ, चुलीपुढच्या दोघींची गोष्ट. शेवटी माइकमधलं. मनीषा मधे एकदा म्हणाली, "एक तरी फोटू राहू द्या." आबांनी हात वर केला. संतोष बाइकजवळून तिथे आला, पडदा रिकामा झालेला त्याने पाहिला, आणि मग त्याच्याही तोंडावर काही सुटल्यासारखं दिसलं नाही. मला वाटलं होतं, दिसेल.

निघताना आबा एमिलच्या डुलाकडे बघत होते. एमिलने तो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

परतीला रविवारची दुपार टाळा. ताम्हिणीहून उतरणाऱ्या गाड्या आणि रिसॉर्ट सोडणारे लोक, पिरंगुटपासून भूगावपर्यंत दीड तास गेला. तिथे एमिलने विचारलं.

"का सांगितलंस?"

"मला वाटलं त्याला आवडेल. तो रडत होता."

"नाही," तो म्हणाला. "तुला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तो समजूत घालेल, चूक सगळ्यांकडून होते असं काही म्हणेल, याची मी चांदणी चौकापर्यंत वाट पाहिली. त्याने घातली नाही, आणि बरंच केलं. हॉटेलच्या दारात बॅग उतरवताना त्याने माझा हात हातात घेतला, तेवढंच.

घरी

डिसेंबरात त्याची मेल आली. फिल्म त्याने सोडून दिली आहे. सहा वर्षांचं काम कपाटात आहे. त्याने लिहिलं होतं, मी लोकांना उजेडात आणतो असं मला वाटत होतं, पण माझ्या उजेडात माणसं नाहीशी होतात, हे दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा होऊ देणार नाही. सध्या तो बेटावर लग्नांचे व्हिडिओ करतो. शेवटी एकच ओळ होती: ती कशी आहे? मी उत्तर चार वेळा लिहिलं आणि पाठवलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं.

संतोषला मी दोन मेसेज केले. त्याने वाचले. उत्तर द्यायला तो बांधील नाही.

जानेवारीत मनीषाचा फोन आला. ती भात सडायला पौडच्या गिरणीत आली होती, तिथे रेंज असते. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, ते आता राहू द्या. नवऱ्याला वाईट म्हणू नका, असंही म्हणाली. तो दर शनिवारी आबांसाठी काहीतरी घेऊन येतो, त्यांच्याजवळ जाऊन बसतो. आबाही बसतात. पण यंदाच्या जत्रेला मावशीचं काम दुसऱ्या कुणाला दिलंय, आबांनीच कळवून टाकलं.

"आन बोलत न्हाईत, ताई. म्हंजी अगदी मुके न्हाई झाले. पर इचारलं, आबा कुटं गेला व्हता, तर हातानं दावत्यात. जेवलात का, तर मान हलवत्यात. 'गेलो' म्हनत न्हाईत आन 'गेले' बी म्हनत न्हाईत. तुमी लिहिता न्हवं? नाव-गाव न घालता लिवा कुटंतरी. हितं तर आता कायच ऱ्हायलं न्हाई त्यांचं."

"काहीच बोलत नाहीत?"

"बोलत्यात की थोडं." ती आठवून सांगत असावी. मागे गिरणीचा पट्टा फिरत होता. "मला भूक लागली. मला थंडी वाजती. मला दुखतंय. एवढंच."

फोन ठेवल्यावर मी ती तीन वाक्यं कागदावर लिहून काढली. तिन्ही बाईने म्हणावीत तशीच, आणि पुरुषाने म्हणावीत तशीच. आपल्या भाषेत भूक, थंडी आणि दुखणं एवढ्यांपुरतं तरी माणसाला आपण कोण ते सांगावं लागत नाही. सत्तर वर्षांच्या बोलक्या जिभेने शोधून शोधून तेवढी जागा काढली होती, आणि आता ती त्यातच राहत होती.